शेपटीवर जाऊ नये



दरवर्षी अंकासाठी लेख मागायला विद्यार्थी-संपादक येतात, तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून सुटका करून घेतो. यंदा मात्र मीच त्यांना व्हरांड्यात गाठले. एका बाबतीत माझे मत बदलले आहे. आणि ज्या मताच्या जोरावर गेली बावीस वर्षे मी तुमच्या जर्नलांवर लाल शाई सांडली, ते बदलले असेल तर चारचौघांत तसे सांगणे मला भाग आहे. याला कारण झाला एक पक्षी. तो आपल्याकडे होत नाही, म्हणून त्याची हकीकत जरा सविस्तर सांगावी लागेल.

माझा धाकटा भाऊ झांबियात, लुसाका शहरातल्या एका शाळेत गणित शिकवतो. "दादा, एकदा तरी ये" हे त्याचे अनेक वर्षांचे पालुपद. गेल्या मार्चअखेर अर्जित रजा टाकून मी गेलो. तिकडचा पावसाळा नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या आसपास संपतो. म्हणजे इकडे आपण घामाघूम होत असतो, त्या वेळी तिकडे गवत डोक्याएवढे वाढून दाण्यांनी वाकलेले असते. सवाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिंह उभा राहतो. मला सिंह दिसला नाही. सौंदत्तीकडे जाताना बाभळी-बोरींची विरळ झाडी असलेली जी माळराने लागतात, ती पावसाळ्याअखेरच्या पिवळसर हिरव्या गवतात बुडवा आणि क्षितिजापर्यंत ताणा, म्हणजे मी काय पाहिले याची कल्पना येईल.

भावाच्या शाळेत प्रयोगशाळा-सहाय्यक म्हणून काम केलेले एक निवृत्त गृहस्थ पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. भाऊ त्यांना 'मिस्टर' लावून हाक मारी; मी मनातल्या मनात 'आजोबा' म्हणत असे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला शहराबाहेर घेऊन गेले. एका काटेरी झाडाच्या शेंड्यावर, अगदी टोकाच्या वाळक्या काटकीवर, एक पक्षी बसला होता. पक्षी चिमणीएवढा, पण त्याला शेपटी कोंबड्याची! पाठ काळी, छातीवर विटकरी पट्टा, मानेवर सोनेरी पिवळा पट्टा, आणि खाली लोंबणारी ती काळी, जड, लांबलचक शेपटी. शेपटीसकट मोजला तर सहज फुटाच्या वर भरेल. तो उडाला तेव्हा वाटले, उडतो आहे तो शेपटीच्या ओझ्याशी झगडतच.

विमानात मी तिकडच्या पक्ष्यांचे पुस्तक चाळले होते. मी लगेच म्हणालो, "पॅराडाइज व्हायडा!"

आजोबांनी मान डोलावली आणि शांतपणे विचारले, "कोणता?"

या एका शब्दाने माझी ऐट उतरली. त्या भागात पॅराडाइज व्हायडाच्या दोन जाती आहेत. एकीच्या नराची शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते. दुसरीच्या नराची शेवटपर्यंत रुंद राहून बोथट संपते, आणि मानेचा पट्टाही अधिक तांबूस असतो. आमचा पक्षी निमुळत्या शेपटीचा होता. मी वहीत नोंद केली, खाली रेघ मारली, आणि विषय संपला असे समजलो. वास्तविक तो तिथे सुरू झाला होता.

नावाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. या पक्ष्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे 'विडुआ'. लॅटिनमध्ये याचा अर्थ विधवा. आपला संस्कृत 'विधवा' आणि हा 'विडुआ' ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. भाषाशास्त्राचे प्राध्यापक तुम्हाला ते अधिक नीट सांगतील. युरोपात वैधव्याचा पोशाख काळा, आणि मागे लोळणारा लांब काळा झगा पाहून हे नाव पडले असावे. गंमत अशी की, हा काळा झगा नराचा! मादीला त्यातले काहीच नाही. म्हणजे ओळखीतला घोटाळा थेट बारशापासून आहे.

त्याच सकाळी आणखी दोन लांब शेपट्या दिसल्या. एक, लाल चोचीचा काळा-पांढरा इवलासा पक्षी, आणि त्याच्या पाठीमागे चार बारीक काळ्या फितींसारखी पिसे. हा पिन-टेल्ड व्हायडा, मोठा भांडखोर. आपल्याहून थोराड पक्ष्यांना दाण्यावरून हुसकावताना मी त्याला पाहिला. दुसरा, ओलसर सखल जागेतल्या उंच गवतावर झुलणारा काळाकुट्ट पक्षी; गळ्याशी लाल कोर आणि मागे लांब काळी शेपटी. याला इंग्रजीत 'विडोबर्ड' म्हणतात, म्हणजे पुन्हा विधवाच. मी आनंदाने त्यालाही व्हायडांच्या रकान्यात लिहिले. आजोबांनी पेन्सिल मागून घेतली आणि माझी नोंद खोडली. हा पक्षी आपल्या सुगरणीच्या, म्हणजे आमच्या कन्नड मित्रांच्या 'गीजग'च्या, कुळातला. गवताची पाती विणून स्वतःचे घरटे करणारा. व्हायडा मात्र जन्मात काडी उचलत नाही. त्याची मादी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते. निव्वळ शेपटीवर गेलो असतो, तर घर बांधणारा आणि दुसऱ्याच्या घरात लेकरे ठेवणारा असे दोघेही माझ्या वहीत एकाच कुळाचे ठरले असते.

खरी परीक्षा झाडाखाली होती. तिथे सात-आठ तपकिरी पक्षी जमिनीवर दाणे टिपत होते. डोक्यावर फिकट-गडद पट्टे, पाठीवर रेघा. आपल्या चिमणीच्या मादीला जरा ठळक रेघा ओढल्या तर दिसेल तसे. दाणे शोधण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती: दोन्ही पाय एकदम मागे झाडून टुणकन उडी मारायची, माती उडवायची आणि उघडे पडलेले बी उचलायचे. या पक्ष्यांत पॅराडाइज व्हायडाच्या माद्या असतील, पिन-टेल्डच्या असतील, त्यांचे चुलत असलेल्या इंडिगोबर्डच्या असतील. आणि हंगामाबाहेरचे किंवा वयात न आलेले नरही असतील. कारण तो काळा झगा बारमाही नव्हे. हंगाम सरला की शेपटी गळते आणि हे ऐटबाज नर पुन्हा तपकिरी गर्दीत मिसळून जातात. मी फोनवर फोटो काढला. भावाने लगेच पक्षी ओळखणारे ॲप उघडून तो त्यात टाकला. ॲपने क्षणात एक नाव सांगितले. दुसरा फोटो टाकला. त्याच पक्ष्याचे दुसरे नाव सांगितले. दोन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासाने. हा आत्मविश्वास मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मागाहून लक्षात आले की तो तोंडी परीक्षेतल्या विद्यार्थ्यांचा होता.

"मग यांना ओळखायचे कसे?" मी विचारले.

आजोबांनी कानामागे हात धरला. शेंड्यावरचा नर गात होता. आधी खरखरीत, तुटक चटचट. आणि मधेच तिच्यातून एक गोड, थरथरणारी लकेर. "ती चटचट त्याची," आजोबा म्हणाले, "ती लकेर त्याची नव्हे." थोड्या वेळाने खालच्या काटेरी जाळीतून तीच लकेर आली. बराच वेळ थांबल्यावर लकेरीचा मूळ मालक दिसला: लाल चेहऱ्याचा, हिरवट पाठीचा, चिमणीहून लहान पक्षी. मेल्बा फिंच. निमुळत्या शेपटीच्या व्हायडाची मादी याच्या घरट्यात अंडी घालते. रुंद शेपटीच्या व्हायडाचा यजमान वेगळा, त्याच कुळातला नारिंगी पंखांचा. आणि त्या नराच्या गाण्यात त्या यजमानाची लकेर असते. झाडावरचा नर आपल्या गाण्यातून सांगत होता की मी अमक्याच्या घरी वाढलो.

आपल्या मराठी वाचकाला दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालण्याचे नवल वाटायचे कारण नाही. कोकिळेला 'परभृत', म्हणजे परक्याने पोसलेला, हे नाव आपल्याकडे कालिदासाच्याही आधीपासून आहे. 'शाकुंतला'त दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला दुखवतो तोही याच दाखल्याने. पावशा आहे, चातक आहे. चातक तर पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो आणि आपल्या सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. पण एक मोठा फरक लक्षात घ्या. कोकीळ कावळ्याच्या घरी वाढतो तरी 'काव काव' शिकत नाही. मोठा झाला की 'कुहू'च करतो. ते गाणे तो रक्तातून घेऊन येतो. (आणि गातो तो नर, हे आपल्या कवींना कोणी तरी सांगायला हवे. मादी ठिपकेदार तपकिरी, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा, कवितेत न बसणारा.) व्हायडाचे तसे नाही. तो धरलेल्या बापाचे गाणे शिकतो. लेकीही ते गाणे मनात ठेवतात. मोठ्या झाल्या की ते गाणाऱ्याच नराकडे जातात, आणि त्याच यजमानाचे घरटे शोधून अंडी घालतात. माहेर म्हणून जे घर त्यांनी पाहिले, त्याच घराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध राहतो. पिन-टेल्ड व्हायडा याला अपवाद; तो कोणाचे गाणे उचलत नाही.

शिवाय ही पिले यजमानाच्या पिलांना घरट्याबाहेर ढकलत नाहीत. सगळी एकत्र वाढतात. मात्र फिंचच्या पिलांच्या तोंडात, टाळूवर, ठिपक्यांची आणि रंगांची ठरावीक नक्षी असते. आई चोच उघडलेली पाहते आणि त्या नक्षीत घास घालते. व्हायडाच्या पिलाच्या तोंडात यजमानाच्या पिलासारखीच नक्षी! युर्गेन निकोलाई या जर्मन अभ्यासकाने 1964 साली गाण्याची आणि तोंडातल्या नक्षीची ही नक्कल सविस्तर मांडली. अलीकडे, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, झांबियातच केलेल्या अभ्यासात असे दिसले की नक्कल नक्षीवर थांबत नाही. घास मागण्याचा आवाज, आणि डोके खाली घालून मान वळवून झुलण्याची ती विचित्र ढबसुद्धा पिले यजमानाच्या पिलांसारखीच करतात.

इंडिगोबर्डची गोष्ट याहून बिकट. यांच्या दहा जाती. नर सगळे काळेनिळे, चिमुकले, आणि शेपटी तर मुळीच लांब नाही. एकीची झळाळी निळसर, दुसरीची जांभळट, तिसरीची हिरवट. चोच लाल की पांढरी, पाय लाल की फिकट, एवढ्यावर जात ठरवायची, आणि तेही सगळीकडे सारखे लागू पडत नाही. रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने आपले आयुष्य या पक्ष्यांवर घातले. झांबियात काफुए नदीकाठच्या लोचिनव्हार इथेही त्यांनी दीर्घकाळ काम केले. ते पक्षी पाहत तर होतेच, पण मुख्यतः ऐकत होते. नायजेरियात जॉस पठारावर एक इंडिगोबर्ड होता. त्याच्या गाण्यातली नक्कल एका फायरफिंचची असावी असे वाटे, पण ज्ञात असलेल्या फायरफिंचशी ती जुळेना. पेन यांनी नकलेवर विश्वास ठेवला, 'नक्कल आहे तर मूळ असलेच पाहिजे' असे धरून शोध केला, आणि खडकाळ टेकड्यांवर तो मूळ गायक सापडला. विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेली ही जात 1998 साली 'रॉक फायरफिंच' म्हणून नोंदली गेली. बांडगुळाने झाडाचा पत्ता द्यावा, तसा हा प्रकार!

याच पेन आणि सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी यंदा तृतीय वर्षाला शिकवणार आहे. इंडिगोबर्डची काही पिले त्यांनी नेहमीच्या यजमानाऐवजी बेंगाली फिंचकडे वाढवली. बेंगाली फिंच म्हणजे आपल्याही सह्याद्रीत आढळणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेचे पिंजऱ्यातले पाळीव रूप. पिले मोठी झाली तेव्हा नर बेंगाली फिंचचे गाणे गाऊ लागले. माद्यांना तेच गाणे गाणारे नर आवडले, आणि त्यांनी बेंगाली फिंचच्याच घरट्यांत अंडी घातली. एका पिढीत घराणे बदलले. रानात चुकूनमाकून एखादी मादी भलत्याच घरट्यात अंडी घालते आणि ती पिले जगली-वाचली, तर नव्या जातीची सुरुवात तिथेच होऊ शकते. 2003 साली जनुकांच्या अभ्यासानेही या विचाराला बळ मिळाले.

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

आपल्या महाविद्यालयात पक्ष्यांची ओळख आपण कशी शिकवतो? प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर बहुतेक चित्रे नरांची, आणि तीही हंगामातली. प्रात्यक्षिक परीक्षेत 'स्पॉटिंग'ला पेंढा भरलेले पक्षी ठेवतो. ते इतके जुने आहेत की विद्यार्थी त्यांना पक्षी म्हणून ओळखतच नाहीत. ज्याचा डावा काचेचा डोळा निखळला आहे तो खंड्या, आणि ज्याच्या पायाला तार बांधली आहे तो भारद्वाज, ही विद्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे अखंड चालत आली आहे. मग सहल निघते. परत आल्यावर जर्नलात पक्ष्यांची यादी लिहायची. ज्याची यादी लांब, त्याला गुण जास्त. लांब शेपटी आणि लांब यादी यांत मी आजवर फारसा फरक केला नाही, हे कबूल करतो.

झांबियाहून परतल्यावर प्रयोगशाळेचे कपाट आवरताना न नेलेल्या जुन्या जर्नलांचा ढीग निघाला. त्यात काही वर्षांपूर्वीच्या हिडकल धरणाच्या सहलीची दोन जर्नले होती. एका मुलाने बत्तीस पक्षी लिहिले होते. क्रम तपासला तेव्हा ध्यानात आले की तो भिंतीवरच्या तक्त्याचाच क्रम आहे, डावीकडून उजवीकडे. त्याला मी दहापैकी नऊ दिले होते. दुसरे जर्नल खानापूर तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीचे. तिने अकरा पक्षी लिहिले होते, आणि अकराव्यापुढे लिहिले होते: "नाव माहीत नाही. तपकिरी. शेपूट वर उभारून दगडावरून दगडावर जात होता. शेपटीखाली विटकरी रंग. जवळच एक काळा पक्षी होता, पंखावर पांढरा डाग. दोघे एकाच वेळी एकाच बाजूला उडाले." या ओळींभोवती मी लाल वर्तुळ काढले होते आणि बाजूला लिहिले होते, "अपूर्ण". दहापैकी चार.

ती नोंद आज वाचली तर पक्षी समोर उभा राहतो. ती चिरकाची मादी. तो काळा पक्षी तिचा नर. तक्त्यावर चिरक आहे, पण नराचे चित्र; म्हणून त्या मुलीला नर ओळखता आला, तर मादी नाही, आणि दोघांचा संबंध तिने डोळ्यांनी पाहून लिहिला तरी त्या संबंधाला नाव द्यायला तक्त्यावर जागा नव्हती. मिनिटभर विचार केला असता, तर मला नाव सांगता आले असते. मी तो मिनिट दिला नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीने प्राणिशास्त्र सोडून रसायनशास्त्र घेतले. माझ्या लाल शाईमुळेच सोडले असे मी म्हणत नाही. पण तिला विचारलेही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, "ओळख पटली नाही" या नोंदीला आपण पूर्ण गुण द्यावेत. हे मी विभागाच्या बैठकीत मांडले, तेव्हा एका सहकाऱ्यांनी ताबडतोब हरकत घेतली: "सर, मग सगळेच तेवढे लिहून मोकळे होतील!" हरकत खरी आहे. आपली पोरे हुशार आहेत. पण मी नुसत्या तीन शब्दांना गुण द्या म्हणत नाही. पक्षी कुठे होता, जमिनीवर की फांदीवर, काय खात होता, कोणाबरोबर होता, आवाज कसा होता, आणि तो कोणता नव्हे व का नव्हे, एवढे लिहिल्यावर मग "ओळख पटली नाही" असे लिहावे. या सहा-सात ओळी पाहिल्याशिवाय लिहिता येत नाहीत. बत्तीस नावे मात्र पक्षी न पाहता लिहिता येतात. त्याचा पुरावा माझ्या कपाटात आहे.

दुसरी हरकत अधिक वजनदार होती. विज्ञानात नाव लागतेच. नावावाचून पुढचे काम होत नाही. मान्य. पण चुकीचे नाव लागले तर काम थांबत नाही, उलट चुकीच्या दिशेने पुढे जाते, आणि हे निव्वळ परीक्षेपुरते राहत नाही. पिन-टेल्ड व्हायडा पिंजऱ्यातून पाळायला जगभर नेला गेला. त्यातले सुटलेले पक्षी अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात आणि पोर्तो रिको बेटावर रुजले. कॅलिफोर्नियात त्यांच्या पिलांना कोण पोसते माहीत आहे? आपल्या शेतांच्या बांधावर दिसणारी ठिपकेदार मुनिया! तीही तिकडे पिंजऱ्यातूनच सुटून वस्तीला आलेली. आफ्रिकेचे पिलू, आशियाची दाई, आणि अंगण अमेरिकेचे. अशा ठिकाणी शेपटीवाला नर कोणाच्याही नजरेत भरतो. पण अंडी कुठे घालायची हे ठरवणारी असते ती तपकिरी मादी, आणि ती मुनियांच्या थव्याशेजारी दाणे टिपत असली तर शेपट्या मोजणाऱ्याला दिसणारच नाही. ज्याने वहीत "मुनिया, 12" असे ठोकून दिले त्याच्यापेक्षा ज्याने "मुनिया 11, आणि एक डोक्यावर पट्टे असलेला, दोन्ही पाय मागे झाडून माती उडवणारा, ओळख पटली नाही" असे लिहिले, त्याची वही पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

कान हा तर आपण वाळीतच टाकला आहे. आमच्या तक्त्याला आवाज नाही, पेंढ्याच्या पक्ष्याला आवाज नाही. खेड्यातून येणारी मुले पावशाचा "पेरते व्हा" ऐकून पक्षी सांगतात, आणि तो दाखवा म्हटले तर दाखवू शकत नाहीत. मी त्यांना आजवर अर्धे गुण देत आलो. वास्तविक पावशा आणि शिक्रा उडताना इतके सारखे दिसतात की ऐकणाऱ्याचीच साक्ष जास्त भरवशाची. आजोबांपाशी दुर्बीण होती, पण ती बहुतेक वेळ गळ्यातच लोंबत होती.

गाणे ऐकले की सगळे सुटते, असेही समजू नका. एखादा नर भलत्याच यजमानाचे गाणे गाताना आढळतो, तेव्हा दिसण्याची साक्ष एक आणि ऐकण्याची साक्ष दुसरी, असा पेच पडतो. आणि माद्या तर गातच नाहीत. त्या कोणत्या नराचे गाणे ऐकून थांबतात, कोणत्या घरट्याभोवती घुटमळतात, हे तासन्‌तास पाहावे लागते, आणि तेवढे करूनही पुष्कळदा नाव मिळत नाही. आजोबांच्या वहीची पाने मी चाळली. चाळीसएक वर्षांच्या नोंदी, बारीक अक्षरात. त्यांत "व्हायडा, मादी, जात नक्की नाही" ही ओळ मला मोजता येणार नाही इतक्या वेळा दिसली. त्या माणसाला लुसाकाभोवतालचा प्रत्येक पक्षी ठाऊक आहे, असे भाऊ म्हणत असे.

यंदाच्या सहलीच्या जर्नलात मी एक नवा रकाना आखून घेतला आहे: "हा कोणता नव्हे, आणि का". बैठकीत त्यावर अजून एकमत झालेले नाही. तक्ताही अजून भिंतीवरच आहे. तो काढायला शिपाईमामा तयार नाहीत, कारण मागे भिंतीला ओल आली आहे. खानापूरच्या त्या विद्यार्थिनीचा पत्ता कोणाला ठाऊक असेल तर मला कळवावा. तिचे जर्नल द्यायचे आहे. त्यावरचे चार मी खोडले आहेत.

माझ्या स्वतःच्या वहीत त्या सकाळच्या पानावर निमुळत्या शेपटीचा नर आहे, त्याच्याखाली रेघ आहे, आणि रेघेखाली आजोबांच्या सांगण्यावरून लिहिलेले: "झाडाखाली आठ तपकिरी. एक बराच वेळ मान वर करून गाण्याकडे तोंड करून उभी होती. मग मेल्बाच्या जाळीकडे उडाली. बहुधा पॅराडाइज व्हायडाची मादी. बाकी सात, ओळख पटली नाही."